हाली, कलदार आणि मोबाइलवरचा डॉलर

१/
मराठवाड्यातल्या जुन्या घरांत दोन शब्द अजून अधूनमधून कानी पडतात: हाली आणि कलदार. निजामाच्या राज्यात चालणारा रुपया तो हाली. इंग्रजी मुलखातला, यंत्रावर पाडलेला रुपया तो कलदार. औरंगाबादेहून गाडीत बसून मनमाडला उतरणारा माणूस काही परदेशी जात नव्हता. भाषा तीच, जेवण तेच, सोयरिकी तिथेच. पण त्याच्या कनवटीचा रुपया तेथे परका होता. तो सराफाकडून बदलून घ्यावा लागे, आणि सराफ आपले कापून घेई.

२/
१९५० साली हैदराबाद राज्यात भारतीय रुपया लागू झाला, तेव्हा ७ हाली म्हणजे ६ भारतीय रुपये हा दर धरला गेला. १०० रुपयांना ११६ हाली, १० आणे, ८ पै. पुढे १९५९ साली हाली कायमचा रद्द झाला. आज मोबाइलवर डॉलर-युरो घेण्या-विकण्याचे आमंत्रण देणाऱ्या जाहिरातींत स्प्रेड, पिप, मार्जिन, लिव्हरेज असे शब्द भेटतात. त्यांतले पहिले तीन त्या सराफाला चटकन उमगले असते. चौथ्यापाशी मात्र तो थबकला असता. या धाग्यात त्या चार शब्दांचा आणि त्यांच्यामागच्या एका जुन्या प्रश्नाचा इतिहास आहे.

३/
सुरुवात पेशवाईपासून. तेव्हा रुपया एक नव्हता. रुपये अनेक होते. चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी, अंकुशाची खूण असलेला अंकुशी, सुरतेचा सुरती, दक्षिणेतून येणारा अर्काटी. प्रत्येकाचे वजन वेगळे, चांदीचा कस वेगळा. त्यातच नाणे हाताळून झिजे, कोणी त्याची कड कापून घेई, कोणी भोक पाडून दागिन्यात ओवी. म्हणून सरकारी खजिन्यात आणि पेठेत पोतदार असे. नाणे वाजवून, कसोटीवर घासून, वजन करून ते चोख की खोटे हे ठरवणे त्याचे काम. आज पोतदार हे आडनाव उरले आहे. एकेकाळी तो बाजाराचा विश्वास होता.

४/
सारा एका नाण्यात ठरलेला आणि शेतकऱ्याच्या हाती आलेले नाणे दुसरेच, असे वारंवार घडे. मग त्या नाण्यावर बट्टा लागे. बट्टा म्हणजे दर्शनी किंमत आणि प्रत्यक्ष मिळणारी किंमत यांतली कपात. शंभराच्या जागी सत्त्याण्णव पदरात पडले, तर तीन रुपये बट्टा. त्यातला काही भाग खरोखर कमी चांदीचा असे, काही सराफाच्या मेहनतीचा, आणि काही निव्वळ समोरच्याच्या अज्ञानाचा. या तिसऱ्या भागाला कोणत्याही वहीत वेगळे खाते नव्हते. ‘बट्टा लागणे’ हा शब्दप्रयोग पुढे अब्रूलाही चिकटला, यात नवल नाही.

५/
सराफाकडे प्रत्येक नाण्याचे दोन भाव असत: घेण्याचा एक, देण्याचा दुसरा. त्या दोहोंतले अंतर हे त्याचे उत्पन्न. आजच्या परकी चलनाच्या पडद्यावरही हेच दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. समजा युरोचा विकण्याचा भाव १.१००० डॉलर आणि विकत घेण्याचा १.१००२ डॉलर आहे. हे अंतर म्हणजे स्प्रेड. चौथ्या दशांश स्थानावरच्या एका अंकाला पिप म्हणतात. येथे स्प्रेड दोन पिपांचा झाला. १ लाख युरोच्या, म्हणजे एका प्रमाणित लॉटच्या व्यवहारात तो २० डॉलर होतो. ‘आमच्याकडे दलाली शून्य’ असे लिहिलेले असते तेथे बट्टा याच अंतरात घेतलेला असतो.

६/
दूरच्या गावी पैसा पोचवायचा तर हुंडी. दर्शनी हुंडी दाखवताच वटायची. मुदती हुंडी ठरल्या दिवशी. हुंडीत रक्कम लिहिताना तिचे निमे किती आणि त्याचे दुप्पट किती हेही लिहीत, म्हणजे मागाहून आकड्याला शून्य जोडता येऊ नये. नाणे कोणते तेही स्पष्ट नोंदवावे लागे, कारण नुसते ‘रुपये’ म्हटल्याने काहीच ठरत नसे. या कामाचा मोबदला ती हुंडणावळ. कागदावरची ही सारी काळजी एकाच गोष्टीसाठी होती: पैसे घेणारा आणि देणारा एकमेकांसमोर नव्हते. मध्ये उभी होती ती फक्त पेढीची पत.

७/
१८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरवला: १८० ग्रेन वजन, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे तो पाडला जाई. यंत्राने पाडलेला, कड दातेरी, वजन सारखे. पोतदाराची गरज हळूहळू संपत गेली. संस्थानांची नाणी मात्र पुढेही चालू राहिली, आणि त्यांच्या वेशींवर सराफांची दुकानेही. ब्रिटिश मुलखातल्या माणसाला वाटले, बट्ट्याचा त्रास सुटला. प्रत्यक्षात तो पेठेतून उठून लंडनला गेला होता.

८/
रुपया चांदीचा आणि पौंड सोन्याचा. १८७० च्या दशकात जर्मनीसह अनेक देश सोन्याच्या चलनाकडे वळले आणि चांदी उतरत गेली. सुमारे २ शिलिंगांचा रुपया १८९० च्या दशकारंभी सव्वा शिलिंगाच्याही खाली आला. हिंदुस्थान सरकारला इंग्लंडमधला खर्च पौंडांत द्यावा लागे. तो भागवण्यासाठी रयतेकडून रुपये अधिक गोळा करावे लागत. अखेर २६ जून १८९३ रोजी, कोणीही चांदी आणून द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत, ही मुभा टांकसाळींनी बंद केली. त्या दिवसापासून रुपयाचे मोल त्यातल्या चांदीवर राहिले नाही. सरकार ठरवील त्यावर राहिले. पुढे १ शिलिंग ४ पेन्स हा दर स्थिरावला.

९/
हा दर सांभाळण्याचे एक साधन म्हणजे भारतमंत्र्याने लंडनमध्ये विकायच्या कौन्सिल बिलांचे. तेथे पौंड द्यायचे, येथे रुपये घ्यायचे. एका अर्थाने ही सरकारी हुंडीच. या साऱ्या व्यवस्थेची कठोर चिकित्सा एका तरुण मराठी अर्थशास्त्रज्ञाने केली. डॉ. भीमराव आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चलन काढणाऱ्याच्या हाती ते हवे तेवढे वाढवण्याची मोकळीक राहू नये, हे त्यांच्या प्रतिपादनाचे एक मुख्य सूत्र होते. परदेशी दर स्थिर दिसला तरी घरात रुपयाची क्रयशक्ती घटत असेल, तर त्याचा भार गरिबावर पडतो, हे त्यांनी दाखवून दिले.

१०/
जुलै १९४४. अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांचे प्रतिनिधी जमले. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. तेथे ठरले ते असे: एक औंस सोने म्हणजे ३५ डॉलर, आणि इतर देशांची चलने डॉलरशी ठरावीक दराने बांधलेली. सराफाच्या फळ्यावरचा भाव रोज बदलतो. हा भाव वर्षानुवर्षे तसाच राहावा अशी कल्पना होती. भारतात ६ जून १९६६ रोजी एका डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये झाला, ती मोठी बातमी ठरली, कारण असा बदल तेव्हा क्वचित होई.

११/
१५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले. १९७३ पर्यंत प्रमुख चलने तरंगती झाली. त्यांचे भाव बाजार ठरवू लागला. कारखानदाराला कच्च्या मालाचे पैसे तीन महिन्यांनी द्यायचे असतील, तर तोवर डॉलर कुठे असेल याची चिंता त्याला लागली. चिंता आली तशी ती विकत घेणारेही आले. चलनाची देवघेव हे मालाच्या व्यापाराचे उपांग होते. आता ती स्वतःच एक व्यापार झाली. एप्रिल २०२२ मधल्या आंतरराष्ट्रीय मोजणीनुसार या बाजारात दिवसाला सुमारे ७.५ लाख कोटी डॉलरची उलाढाल होत होती.

१२/
भारताने मात्र दार जपून उघडले. परकी चलनावर युद्धकाळात, १९३९ साली, नियंत्रण आले. १९४७ आणि १९७३ च्या ‘फेरा’ कायद्यांनी ते घट्ट केले. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले आणि मार्च १९९३ पासून रुपयाचा दर मुख्यतः बाजारावर सोपवला गेला. १९९९ चा ‘फेमा’ कायदा २००० साली अमलात आला. त्याचा रोख शिक्षेपेक्षा व्यवस्थापनावर होता. पण एक तत्त्व त्याने सोडले नाही: भारतात राहणाऱ्या व्यक्तीने परकी चलनाचा व्यवहार अधिकृत व्यक्तीशीच आणि परवानगी असलेल्या कारणासाठीच करायचा.

१३/
१९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटरनेटने सराफाची पेढी घरातल्या संगणकावर आणली. बँकांच्या कोट्यवधींच्या बाजारात आता शंभर-दोनशे डॉलर घेऊन कोणीही शिरू शकत होता. ते शक्य करणारी युक्ती म्हणजे मार्जिन आणि लिव्हरेज. मार्जिन म्हणजे इसार, अनामत. इसार सराफालाही ठाऊक होता. जमिनीच्या सौद्यात इसार देणारा बाकी रक्कम उभी करून जमीन ताब्यात घेतो. येथे बाकी रक्कम कधीच द्यायची नसते. फक्त भावातल्या चढउताराचा नफा-तोटा खात्यात पडतो.

१४/
लिव्हरेज म्हणजे इसाराच्या किती पट सौदा करता येतो ते प्रमाण. खात्यात १०,००० रुपये आहेत आणि प्रमाण १ ला १०० आहे, तर १० लाखांचा सौदा उभा राहतो. भाव एक टक्का अनुकूल गेला, तर १०,००० चे २०,००० झाले; जाहिरातीत हेच चित्र असते. एक टक्का प्रतिकूल गेला, तर खाते रिकामे. चलनाचा भाव एखाद्या दिवसात एक टक्का हलणे ही काही अघटित गोष्ट नाही. भाव त्याहून पुढे, एका उडीत गेला तर काय, या प्रश्नाचे उत्तर जगाला एका गुरुवारी मिळाले.

१५/
१५ जानेवारी २०१५, भारतीय वेळेनुसार दुपारचे तीन. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ पासून वचन दिले होते की एक युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ दिला जाणार नाही. या वचनाच्या भरवशावर जगभरच्या हजारोंनी युरो घेऊन ठेवला होता: तळ ठरलेला आहे, मग जोखीम कसली? त्या दुपारी बँकेने वचन मागे घेतले. काही मिनिटांत युरो १ फ्रँकच्याही खाली कोसळला. तोटा अमुक मर्यादेवर थांबावा म्हणून लावलेले ‘स्टॉप लॉस’ आदेश अनेकांच्या कामी आले नाहीत, कारण मधल्या भावांना घेणाराच कोणी नव्हता.

१६/
वरच्याच हिशेबाने पाहावे. १० लाखांच्या सौद्यात १५ टक्के घसरण म्हणजे दीड लाखाचा तोटा. इसार होता १०,०००. म्हणजे खाते रिकामे होऊन वर १ लाख ४० हजारांचे देणे. हे देणे अनेकांनी दिले नाही, आणि पेढ्याच बुडू लागल्या. वेस्ट हॅम या इंग्लिश फुटबॉल संघाच्या जर्सीवर नाव मिरवणारी अल्पारी यूके ही पेढी काही दिवसांत दिवाळखोरीत गेली. अमेरिकेतील एफएक्ससीएमचे ग्राहकांकडे सुमारे २२.५ कोटी डॉलर अडकले. ३० कोटी डॉलरच्या तातडीच्या कर्जावर ती तगली. सराफ ज्या शब्दापाशी थबकला असता, तो हाच. इसारापेक्षा अधिक गमावण्याची सोय त्याच्या काट्यात नव्हती.

१७/
आणखी एक गोष्ट दोन वर्षांनी उघड झाली. ग्राहकाचा सौदा पुढे कोणाकडे जातो? काही पेढ्या तो मोठ्या बँकांकडे पाठवतात; काही स्वतःच समोरची बाजू घेतात. दुसऱ्या प्रकारात ग्राहकाचा तोटा हा पेढीचा नफा असतो. अशा पेढ्या अनेक देशांत कायदेशीर आहेत. ते लपवणे कायदेशीर नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकी नियामकाने एफएक्ससीएमला ७० लाख डॉलरचा दंड केला. आपला हितसंबंध आड येत नाही असे ग्राहकांना सांगत असतानाच, समोरची बाजू घेणाऱ्या एका संस्थेत तिचा हितसंबंध होता, असा ठपका होता. कंपनीला अमेरिकेतला व्यवसाय सोडावा लागला.

१८/
२०१८ साली युरोपीय संघाच्या नियामकाने सामान्य ग्राहकासाठी प्रमुख चलनांवरचे लिव्हरेज १ ला ३० वर आणले, खात्यातल्या रकमेहून अधिक देणे ग्राहकावर लादण्यास मनाई केली, आणि प्रत्येक पेढीला आपले किती टक्के ग्राहक तोट्यात आहेत ते जाहीर करायला लावले. त्या वेळी राष्ट्रीय नियामकांच्या पाहण्यांतून निघालेला आकडा होता ७४ ते ८९ टक्के. हा आकडा कोणा टीकाकाराचा नाही. तो आता पेढ्यांच्या स्वतःच्या पानांवर, बहुधा बारीक अक्षरांत, छापलेला असतो. प्लॅटफॉर्म पाहताना सर्वांत आधी वाचावे असे हे एक वाक्य आहे.

१९/
भारतातली स्थिती वेगळी आणि पुष्कळ स्पष्ट आहे. येथे चलनाचे वायदे २९ ऑगस्ट २००८ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात सुरू झाले. मान्यताप्राप्त शेअर बाजार किंवा रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेले प्लॅटफॉर्म, एवढेच ऑनलाइन मार्ग कायद्याला मान्य आहेत. रुपयाशी जोडलेले वायदे हे मुळात खऱ्या देण्या-घेण्याची जोखीम झाकण्यासाठी आहेत, हे रिझर्व्ह बँकेने २०२४ साली पुन्हा बजावले. परदेशी पैसे पाठवण्याच्या उदार योजनेतूनही परदेशातल्या बाजाराला मार्जिनसाठी पैसे पाठवता येत नाहीत. तसे पाठवणाऱ्याने फसवणूक झाल्यावर तक्रार करायची, तर आधी स्वतःचा नियमभंग कबूल करावा लागतो. या कोंडीवरच अनेकांचा धंदा चालतो.

२०/
फेब्रुवारी २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने समाजमाध्यमे, ओटीटी आणि गेमिंग ॲपांवरील अशा जाहिरातींविषयी सावध केले. ७ सप्टेंबर २०२२ रोजी तिने ३४ नावांची इशारा यादी प्रसिद्ध केली. ती पुढे वाढत गेली. या यादीबरोबरचे एक वाक्य महत्त्वाचे आहे: यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे, असे समजू नये. पाहायची ती यादी उलटी आहे: अधिकृत कोण, याची. ती रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते. शेअर बाजाराच्या दलालाची नोंदणी सेबीकडे पडताळता येते. परवान्याचे चित्र ॲपवर पाहून समाधान मानणे म्हणजे खोट्या रुपयावरची मोहर वाचून तो चोख मानणे.

२१/
तेव्हा प्लॅटफॉर्म निवडताना विचारायचे प्रश्न जुनेच आहेत. परवाना कोणी दिला, आणि देणाऱ्याकडे ते नाव सापडते का? घेण्याच्या व देण्याच्या भावात अंतर किती, आणि गडबडीच्या दिवशी ते किती वाढते? समोरची बाजू कोण घेतो? ग्राहकाचा पैसा पेढीच्या पैशापासून वेगळा ठेवला जातो का? तोटा इसारापुरता थांबतो की त्यापुढे जातो? आणि पैसे परत मागितले तर ते कोणत्या वाटेने, किती दिवसांत येतात? ‘आधी कर भरा, मग पैसे सोडू’ असे उत्तर आले, की तेथे एक पैसाही आणखी घालू नये.

२२/
बहुतेक मराठी घरांचा परकी चलनाशी खरा संबंध सट्ट्याचा नसतोच. मुलीची परदेशातली फी, आखाती देशातून भावाने पाठवलेले पैसे, आईवडिलांची एखादी सहल. तेथेही हेच दोन भाव उभे असतात. बँकेने दिलेला दर आणि त्या क्षणीचा बाजारदर ताडून पाहिला, तर बट्टा किती हे कळते. शुल्क वेगळे लावले असेल तर ते त्यात मिळवायचे. दोन-तीन ठिकाणी विचारले तर फरक दिसतो. या हिशेबाला लिव्हरेज लागत नाही, आणि त्यात वाचलेला रुपया खरा असतो.

२३/
मनमाडच्या सराफाने बट्टा कापला, तेव्हा समोरच्या माणसाला निदान तीन गोष्टी दिसत होत्या: दुकान, काटा आणि सराफाचा चेहरा. उद्या भांडायचे झाले तर कुठे यायचे हे त्याला माहीत होते. पोतदार नाणे पारखत असे, पण पोतदारालाही सरकारात जाब द्यावा लागे. मोबाइलच्या पडद्यावर दुकान दिसत नाही, काटा दिसत नाही, आणि चेहरा बहुधा जाहिरातीतल्या नटाचा असतो. म्हणून पारख करणाऱ्याला जाब विचारणारा कोण, एवढे आधी शोधावे. तो सापडत नसेल, तर नाणे कितीही चकाकत असो, ते कनवटीला लावू नये.